नागोरावांचं शिळं पाणी

नागोराव वडजे आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले त्याला चार वर्षं झाली. ‘राहायला’ हा शब्द माझा. त्यांच्या मते ते कंधारला राहतात आणि पुण्याला फक्त आलेले आहेत.

कंधार म्हणजे नांदेड जिल्ह्यातलं. तिथल्या एस.टी. आगारात त्यांनी तेहतीस वर्षं कंडक्टरी केली. बायको गेली, पाठोपाठ हृदयाचं काहीतरी निघालं, तेव्हा मुलगा तेजस त्यांना कोथरूडला घेऊन आला. तेजस आणि सून श्रद्धा दोघंही आयटीत. सकाळी आठला बाहेर पडतात ते रात्री आठला उगवतात. मधले बारा तास नागोराव घरात एकटे. तीन-चार महिने कसेबसे काढायचे, मग पिशवी भरायची, "जरा घराला हवा दाखवून येतो" म्हणून कंधारला जायचं आणि तिकडेच बसायचं. तिथे जेवायला घालणारं कोणी नाही, गोळ्या घेतल्या का हे विचारणारं कोणी नाही. पण परतीचं तिकीट काढायचं नाही. जन्मभर दुसऱ्यांना तिकिटं फाडून दिली, स्वतःसाठी एक फाडवत नव्हतं. दर वेळी तेजस रजा टाकून त्यांना आणायला जायचा.

"बाबांना इथे करमत नाही हो काकू," तो एकदा मला म्हणाला.

"का करमावं? टीव्हीसमोर बसवून जाता तुम्ही त्यांना. मला कोणी असं बसवलं असतं तर मी काशीला निघून गेले असते."

लागलं असावं. पुढच्या रविवारी त्याने तीन फुटी काचेचा फिशटँक आणून ठेवला. तळाला निळेजांभळे खडे, एक प्लास्टिकचा किल्ला, आठ चकचकीत मासे आणि तळाशी दोन मातकट. दुकानदाराने म्हणे सांगितलं होतं, हे खालचे दोघे सफाईवाले, यांना वेगळं खायला लागत नाही, वरच्यांचं उरलंसुरलं खातात आणि काच स्वच्छ ठेवतात.

नागोराव खुर्ची टाकून टँकसमोर बसले ते आठवडाभर. बारा तास मोकळा असलेला माणूस मासा जितका नीट बघतो तितका प्राणिशास्त्राचा प्राध्यापकसुद्धा बघत नसेल. आठव्या दिवशी त्यांनी माझी बेल वाजवली.

"ताई, जरा येता का? एक अन्याव दावतो."

गेले. तळातला एकेक मासा बोटाच्या दोन पेरांएवढा. खवले नाहीतच. अंगाच्या दोन्ही बाजूंना कौलं एकावर एक बसवावीत तशा हाडाच्या पट्ट्या, म्हणजे सरळ चिलखतच. तोंडाशी आखूड मिशा, आणि त्या मिशांनी तळ चाचपत, चष्मा हरवलेल्या माणसासारखा तो या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडत होता.

"उरलंसुरलं खातेत मनं! वरचे आठ जण काही खाली पडू देतेत का? बगा," असं म्हणून त्यांनी चिमूटभर खाणं टाकलं. आठांनी ते वरच्या वर फस्त केलं. खालचे दोघे चाचपतच राहिले. "गाडी भरली मनून मागच्या पाशिंजराला तिकीटच देयाचं न्हाई का? आन् हे खडे. टोकदार. मिशा झिजल्या की तेंच्या. हेला काय सफाईला ठिवलंय? हे का कुणाचे नोकर हायेत?"

मी वाकून काचेला डोळे लावले. त्या माशाने माझ्याकडे बघितलं आणि डोळा मारला.

"नागोराव, याने मला डोळा मारला!"

"सगळ्यायलाच मारतो, ताई. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

खरंच मारतात. बुबुळ खाली फिरवून परत वर आणतात, ते आपल्याला डोळा मारल्यासारखं दिसतं. पण पंच्याहत्तराव्या वर्षी अशी सवय कोणी नव्याने लावून घेऊ नये.

त्याच दिवशी नागोराव बसने बुधवार पेठेत गेले आणि विचारत विचारत एका बोळातल्या शकीलच्या दुकानात पोचले. शकील हा तिसऱ्या पिढीचा मासेवाला. आजोबांपासून पेठेत वाढलेला, त्यामुळे गिऱ्हाइकाला शहाणपणा न दाखवता काही विकणं त्याला जमत नाही. "काका," तो म्हणाला, "याला कोरी म्हणतात. हा सफाईवाला नाही, समाजवाला आहे. एकटादुकटा झुरतो. सहा तरी पाहिजेत. खाली बारीक वाळू घाला, नदीतली, खडे फेकून द्या. खाणं बुडणारं, आणि दिवा मालवल्यावर टाका. मीठ नको, तांब्याचं औषध तर अजिबात नको. आणि नळाचं ताजं पाणी म्हणजे विष. त्यातलं क्लोरीन यांना सोसत नाही. हे थेंब घाला किंवा दोन-तीन दिवस पाणी उभं राहू द्या."

"पाणी उभं राहायला औषध कामून लागतंय?" नागोराव म्हणाले. थेंब घेतले नाहीत. चार कोरी मात्र घेतले.

हे सगळं त्यांनी मला दोनदा सांगितलं. मी पेपर वाचता वाचता ऐकलं, म्हणजे निम्मं ऐकलं. नागोराव बोलायला लागले की पहिला स्टॉप कंधार असतो आणि मुद्दा शेवटच्या स्टॉपला उतरतो. माझ्याच्याने तेवढं थांबवत नाही.

बाकी सगळं त्यांना शिकावं लागलं, पण पाणी उभं ठेवणं शिकावं लागलं नाही. कंधारला नळ आठ-दहा दिवसांनी येतो. घरातली घागर, कळशी, पातेलं, एकूणएक भांडं भरून ठेवायचं आणि थेंब सांडायचा नाही, हे त्यांच्या अंगातच आहे. आम्हा इथल्या बायकांचं उलटं. रात्रीचं पाणी सकाळी शिळं होतं. ते ओतायचं, भांडी घासायची, ताजं भरायचं. आईने केलं, सासूने केलं, मीही केलं. पाण्याला काय होतं ते कुणी विचारलं नाही. नागोरावांनी आल्या महिन्यातच मला ओतताना पाहिलं होतं आणि ते जिन्यात छातीला हात लावून उभे राहिले होते. मला वाटलं, हृदयाचंच.

तर त्यांनी आमच्या पॅसेजमध्ये झाकणाची तीन निळी पिंपं मांडली. शिवाय बिनझाकणाची एक जुनी बादली, तिच्यात डासांच्या अळ्या. मुद्दाम पाळलेल्या. चहाच्या गाळणीने काढून ते कोरींना खाऊ घालायचे.

"नागोराव, हे चूक आहे," मी तोंडावर सांगितलं. "त्या उडाल्या म्हणजे?"

"उडायच्या आत खातेत की."

"सगळ्या?"

"एखादी राहती," ते प्रामाणिकपणे म्हणाले.

त्या एखादीने आमचे सेक्रेटरी आनंद टिपरे यांना चावा घेतला असावा. आनंद चौथ्या मजल्यावर राहतो, म्हाताऱ्या आईबरोबर. वय पंचावन्न, आणि सही करायला मिळेल असा कुठलाही कागद त्याला आवडतो. एका रविवारी मधल्या पिंपावर कागद चिकटला: ‘पॅसेज जाण्यायेण्यासाठी असतो. पाणी साठवण्यासाठी धरण असते. येत्या रविवारपर्यंत पिंपे हलवावीत, अन्यथा सोसायटी हलवेल.’

त्याखाली संध्याकाळी नागोरावांच्या ठसठशीत अक्षरात ओळ आली: ‘गुरुवारी धरण सुट्टीवर असते.’

हे मात्र खरं होतं. दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबाने, हे वाक्य आमच्याकडे इतक्यांदा छापून येतं की मुलांना ते तोंडपाठ आहे.

दुसऱ्या दिवशी सोमवारी सकाळी बेल वाजली ती थांबेचना. नागोराव दारात, हातात भिंग. "ताई! बसलेत!"

"कोण बसलेत?"

"काचेवर. अंडे!"

कोरींनी अंडी घालायची ही तिसरी वेळ. पिंपातलं रात्रीचं गार पाणी टँकमध्ये पडलं की त्यांना बहुधा मोसम बदलल्यासारखं वाटतं आणि लग्नकार्याची घाई सुटते. मादी पोटाखालच्या परांत अंडी धरून वर जाते आणि काचेवर टिकल्या लावाव्यात तशी एकेक चिकटवते. पहिल्या खेपेला सगळी अंडी बुरशीने गेली. दुसऱ्या खेपेला आईबापांनीच सकाळच्या नाश्त्याला खाल्ली. नागोराव दोन दिवस जेवले नव्हते, आणि तिसऱ्या दिवशी पिशवी भरून कंधारला गेले होते. या वेळी त्यांनी शकीलला फोन लावून विचारून घेतलं, अंडी बोटाने अलगद सोडवली, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात शिळ्या पाण्यात ठेवली, त्यात हवेची नळी सोडली आणि बुरशी धरू नये म्हणून कंपाउंडमधलं बदामाचं सुकं पान टाकलं.

आणि मंगळवारी रात्रीचं त्यांचं कंधारचं तिकीट. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता.

"तो मोबाइलवरून होतो बाबा, इथूनच," तेजस म्हणाला.

"मी जित्ता हाय हे मोबाइलला काय कळतंय? तिथल्या मॅनेजरनं डोळ्यानं बगायला पायजे."

माशांची जबाबदारी माझ्यावर आली. तेजस-श्रद्धा दिवसभर नसतात, आणि मी असते. निघायच्या आधी तेजस मला बाजूला घेऊन म्हणाला, "काकू, एक सांगू? या वेळी बाबांनी परतीचं तिकीट स्वतः काढलंय. शनिवार रात्रीचं. चार वर्षांत पहिल्यांदा. पिल्लं बघायचीत म्हणून. ती गेली ना, तर ते तिकीट रद्द करतील आणि तिथेच बसतील. डॉक्टर म्हणालेत, आता त्यांना एकटं ठेवायचं नाही."

"बरं," मी म्हटलं. "अळ्या मी उचलणार नाही. बाकी सगळं करीन."

नागोरावांनी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर सूचना लिहून दिल्या. शेवटची अशी: ‘शुक्रवारी टँकमधलं दोन बादल्या पाणी काढणे व पिंपातलं तीन दिवसांचं शिळं पाणी दोन बादल्या घालणे. डब्यातल्या लेकरांना दर सहा तासांनी तांब्याभर, तेच.’ ‘शिळं’खाली दोन रेघा.

बुधवार-गुरुवार निर्विघ्न गेले. शुक्रवारी सकाळी डब्यात बघते तो पानाखाली काहीतरी वळवळतंय. चष्मा लावला. शेपट्या! तांदळाच्या कणीएवढं पोट आणि मागे केसासारखी शेपटी. पोटाशी तीन दिवसांची शिदोरी बांधूनच येतात म्हणे, खायला घालावं लागत नाही. मी नागोरावांना फोन केला.

"किती हायेत?"

"मोजले नाहीत."

"मोजल्याबिगर गाडी कशी सोडली, ताई?" पण आवाज हसरा होता. "येतोच मी. पाण्याचं तेवढं बगा."

साडेनऊला नळाला पाणी आलं. गुरुवारनंतरचं शुक्रवारचं पाणी म्हणजे काय ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. सगळ्या इमारतीत एकदम खळखळाट सुरू होतो. साठवलेलं सगळं ओतायचं, सगळं नव्याने भरायचं. मी माझा हंडा ओतला, कळशी ओतली, बादल्या ओतल्या आणि त्याच झपाट्यात पॅसेजमध्ये आले. नागोरावांची पिंपं समोरच. झाकण उघडलं. तळाला हिरवट झाक. मला त्या दोन रेघा आठवत होत्या, नाही असं नाही. पण मला वाटलं, बिचाऱ्याची कंधारची सवय. तिकडे मिळत नाही म्हणून शिळं जपतात. इथे नळ धो धो वाहतोय, आणि बाहेरगावी गेलेल्या माणसाच्या लेकरांना मी शिळं घालू? शेजारधर्म म्हणून काही आहे की नाही? मी तिन्ही पिंपं ओतली, काथ्याने घासली, काठोकाठ ताजं भरलं. वर टँकमधलं दोन बादल्या पाणी नळीने काढून त्यातलंच दोन बादल्या घातलं. स्वतःवर खूश होते, हेही सांगून टाकते.

पाच मिनिटांत कोरी पिसाळले. एरवी तळ न सोडणारे सहाच्या सहा बाणासारखे वर जाऊन हवा गिळायचे आणि काचेवर आपटून खाली यायचे. कल्ले भराभर हलत होते. मोठी मादी एका कुशीवर कलंडली. मग मला वास आला. सार्वजनिक तरणतलावाचा. आणि पेपर वाचता वाचता ऐकलेलं ते उरलेलं निम्मं वाक्य माझ्या डोक्यात एकदम पूर्ण झालं.

सूचनांच्या पानावरच्या नंबरावर शकीलला फोन लावला.

"किती पाणी बदललं, मावशी?"

"दोन बादल्या."

"शिळं?"

"ताजं."

त्याने तिकडे कपाळावर हात मारला तो मला इकडे ऐकू आला.

"मावशी, तुम्ही कॉलेज शिकलेल्या ना?"

"ते मागाहून काढा. आत्ता काय करू ते सांगा."

"हवेचा पंप पूर्ण सोडा. घातलं तेवढं ताजं काढा, शिळं घाला. दोन बादल्या तरी पाहिजेच. औषध दुकानात आहे, पण मी येरवड्याला घरी आहे आणि आज जुम्मा. दुकान साडेतीनला उघडतं. तेवढा वेळ त्यांच्याकडे नाही."

दहा वाजले होते. कोथरूडात मासेवाले आहेत, पण अकराच्या आत कुणाचं शटर वर जातं? पंप सोडला आणि शिळ्या पाण्याच्या शोधात निघाले. अळ्यांच्या बादलीत जेमतेम तांब्याभर काळं पाणी होतं, त्याचा उपयोग नव्हता. आमच्या डोक्यावर गच्चीतली टाकी होती, पण ती काल संध्याकाळीच कोरडी पडलेली आणि आता ताज्यानेच भरत होती. आणि घराघरातलं शिळं पाणी? अर्ध्या तासापूर्वी सगळ्यांनी ते गटारात सोडलं होतं. माझ्यासकट.

शेजारच्या उत्कर्षाने कानाला हेडफोन लावूनच दार उघडलं. घरून काम करते. "आजी, मी कॉलवर आहे."

"शिळं पाणी आहे का?"

तिने हेडफोनचा माइक मुठीत धरला. "काय आहे का?"

"कालपरवाचं. माशांना हवंय, मरतायत."

"फिल्टरच्या मशीनच्या टाकीत असेल थोडं. चालेल?"

त्यात क्लोरीन राहत नाही, एवढं शकीलने फोनवर सांगितलं. उत्कर्षाने छोटा कॅन भरून दिला. सहा लिटर. पोरगी गुणी आहे, दोन मिनिटांत दिला, कॉलवरच्या लोकांना म्हणाली, "सॉरी, फिश इमर्जन्सी." पण सहा लिटर म्हणजे अर्धी बादलीसुद्धा नाही.

खालच्या मजल्यावर प्रियदर्शनी आगाशे. माझ्याहून पाच वर्षांनी लहान आणि दहा वर्षांनी जास्त सोवळी.

"शिळं? आमच्याकडे?" तिने दाराची चौकट धरली. "कुमुदताई, चाळीस वर्षांत या घरात शिळं पाणी कुणी पाहिलेलं नाही."

"आज पाहायला मिळालं असतं तर उपकार झाले असते."

"ताजं देऊ का? हवं तेवढं न्या."

"ताज्यानेच तर घात केलाय!"

"तुम्हाला बरं नाहीये का?" तिने विचारलं. मी जिना चढायला लागले.

आणखी पाच दारं. सगळीकडे तेच. काही जणी तर दुखावल्या, जणू मी त्यांच्या घरी झुरळं आहेत का असं विचारत होते. एकीने सांगितलं, "तुमच्या समोरच्यांची पिंपं आहेत की पॅसेजमध्ये. त्यांच्याकडे असतं नेहमी."

शेवटी चौथा मजला. आनंद टिपरेच्या दाराशी मी जाणारच नव्हते. ज्याने पिंपं हलवा म्हणून कागद चिकटवला त्याच्याकडे शिळं पाणी मागणं म्हणजे अपमानच. पण खाली मादी कुशीवर होती आणि कंधारला एक माणूस परतीचं तिकीट खिशात घेऊन बसला होता. बेल दाबली.

आनंद बनियनमध्ये. "बोला काकू."

"तुझ्याकडे दोन बादल्या शिळं पाणी आहे का?"

"नाही," तो जरा जास्तच पटकन म्हणाला. "पाणी साठवणं नियमात बसत नाही. डास होतात."

आतून त्याच्या आईचा, यमुनाबाईंचा, खणखणीत आवाज आला. वय एक्क्याण्णव, कान शाबूत. "आनंद, कुठल्या वारचं हवंय कुमुदला? मंगळवारचं दे. रविवारचं मला पाय शेकायला लागतं."

"आई!"

मी त्याला बाजूला सारून बाथरूम गाठलं. पाच पिंपं. झाकणं लावलेली, झाकणांवर चिकटपट्ट्या, पट्ट्यांवर वार. सेक्रेटरीच्या अक्षरात.

"आनंद," मी म्हटलं, "पाणी साठवायला धरण असतं ना रे?"

तो लाल झाला. "काकू, मागे एकदा शुक्रवारी डोक्याला साबण लावला आणि पाणी गेलं. दोन तास बसलो होतो तसाच. तेव्हापासून... कुणाला सांगू नका."

"सांगत नाही. बादल्या उचल."

आनंद टिपऱ्याबद्दल मी बरंच वाईट बोललेली आहे आणि पुढेही बोलेन, पण त्या सकाळी त्याने लिफ्टची वाट बघितली नाही. बनियनवरच चार खेपा केल्या. मी ताजं काढत होते, तो मंगळवारचं ओतत होता. वाळू उसळू नये म्हणून बशी धरून हळूहळू ओतायचं असतं, तेही त्याने बरोबर केलं. तेवढ्यात त्याला टँकमधल्या एका माशाने डोळा मारला. तो मागे सरकला.

"काकू, याने..."

"सगळ्यांनाच मारतो. ओत."

अकरापर्यंत कल्ल्यांची धडपड कमी झाली. बारापर्यंत पाच जण तळाशी जाऊन मिशांनी वाळू चाचपायला लागले. मोठी मादी कुशीवरून उठली नाही. तिच्या अंगावरचं चिलखत तसंच्या तसं लखलखत होतं. पाण्यापुढे चिलखताचा काय उपयोग? डब्यातल्या पिल्लांना मी अजून ताजं घातलंच नव्हतं, म्हणून ती वाचली. दर सहा तासांचा तांब्या आता चौथ्या मजल्यावरून येऊ लागला. आनंद स्वतः आणायचा आणि "आई विचारत होती" म्हणून दहा मिनिटं डब्यावर वाकून उभा राहायचा. अळ्यांची बादली त्याच दुपारी मी रिकामी केली. त्या बाबतीत नोटीस बरोबरच होती.

नागोरावांना फोन करावा की नाही, यावर शुक्रवारी संध्याकाळी तेजस आणि माझं वाजलं.

"आत्ता सांगू नका, काकू. ते येणारच नाहीत."

"खोटं बोलून माणूस आणायचा?"

"खोटं नाही, फक्त उशिरा सांगायचं."

मी ऐकलं त्याचं. आवडलं नाही, पण ऐकलं. शनिवारी नागोरावांचा फोन आला तेव्हा "कसे हायेत?" याला मी "डब्यातले उत्तम आहेत" एवढंच उत्तर दिलं. तेवढं खरं होतं. मी फोन ठेवला आणि रात्रभर ते ‘डब्यातले’ मला टोचत राहिलं.

रविवारी सकाळी साडेसहाला खाली रिक्षा थांबली. मी जिन्यातच उभी होते. ते वर येऊन टँक बघायच्या आत मलाच सांगायचं होतं. खाली गेले तर नागोराव रिक्षावाल्याशी घासाघीस न करता रिक्षातून काहीतरी ओढत होते. रांजण. मातीचा, कमरेएवढा, गोधडीत गुंडाळलेला, तोंडावर लाकडी झाकण बांधलेलं.

"नागोराव, मी तुमचा एक मासा मारला," मी म्हटलं.

ते रांजणाला धरून उभे राहिले. "कोणता?"

"मोठी मादी. शिळं ओतून दिलं मी. ताजं घातलं."

"कामून?"

"लेकरांना शिळं कसं घालायचं म्हणून."

त्यांनी रांजणाच्या झाकणाची दोरी पुन्हा आवळली. रिक्षावाला मीटरकडे बघत होता. मग ते म्हणाले, "ताजं पाणी मिळालं मनून मासा मेला, हे कंधारला सांगितलं तर हासतील, ताई. माझ्यावर न्हाई, तुमच्यावर."

"हसू देत."

"लेकरं?"

"आहेत."

रांजण तिथेच टाकून ते वर गेले. मी मागोमाग. त्यांनी टँककडे पहिल्यांदा बघितलं, पाच मोजले, मादीच्या जागेवर वाळूत एक खळगा होता तिथे नजर जराशी थांबली. मग ते श्रीखंडाच्या डब्यावर वाकले आणि बोट हवेत नाचवत मोजायला लागले. एकदा मोजून झालं, पुन्हा मोजलं. गाडी तपासायची म्हणजे दोनदा.

"सत्तावीस," ते म्हणाले. "सव्वीस बसून, एक उभा." एक पिल्लू डब्याच्या कडेला चिकटलं होतं.

तेजस झोपेतून उठला आणि खिडकीतून खाली डोकावला. "बाबा, खाली रांजण कुणाचा?"

"आपला. घर भाड्यानं दिलं मी. शाळेवर नवे मास्तर आलेत, बायको-लेकरं हायेत. रांजण तेंच्या काय कामाचा? फोडतील." त्यांनी ते असं सांगितलं, जणू रेशन आणलं. "मादी न्हाई तर न्हाई. हे सत्तावीस वाढवायचे तर टँक दुसरा लागंल. पाणीबी लागंल. तुमच्या त्या पिंपात प्लास्टिकचा वास येतो."

तेजसने माझ्याकडे बघितलं. मी टँककडे बघितलं. अशा वेळी डोळ्यांत पाणीबिणी आणणाऱ्या बायका मला आवडत नाहीत.

रांजण लिफ्टच्या दारातून आत जाईना. आडवा केला, तिरका केला, गोधडी काढली, तरी जाईना. तेजस, नागोराव, रिक्षावाला आणि मी, चौघं त्याच्याभोवती उभे. तेवढ्यात आनंद टिपरे बनियनवर खाली आला, हातात मंगळवारच्या पाण्याचा तांब्या. त्याने रांजण बघितला. नोटिशीची मुदत नेमकी त्याच रविवारी संपत होती.

"हा कुठे ठेवणार?" त्याने विचारलं.

"पॅसेजमध्ये," नागोराव म्हणाले.

आनंदने एकदा वर बघितलं, एकदा माझ्याकडे. मी काही बोलले नाही. मी वचन दिलं होतं.

"झाकण आहे का याला?"

"हाय की. सागाचं हाय."

आनंदने तांब्या माझ्या हातात दिला आणि बाह्या सरसावायला गेला, पण बनियनला बाह्या नव्हत्या. "तेजस, तू त्या बाजूने धर," तो म्हणाला. "काका, तुम्ही हात लावू नका, तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलंय. तुम्ही फक्त वळणावर सांगा."

नागोराव तिसऱ्या पायरीवर जाऊन उभे राहिले. "येऊ द्या," ते म्हणाले. "येऊ द्या, येऊ द्या... थांबा. डावीकडं घ्या. हां, चला वर."